संततीची वाट पाहणाऱ्या दांपत्यांस चार शब्द

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात मोरिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांची ओळख करून दिली जाते आणि वर्षभरात विवाहबद्ध झालेल्या जोडप्यांना शुभेच्छा दिल्या जातात. त्या शुभेच्छांत पाळण्याचा उल्लेख हटकून असतो. पुढे दोन-तीन वर्षांनी ज्यांच्या घरी पाळणा हललेला असतो ती जोडपी मूल कडेवर घेऊन संमेलनास येतात. ज्यांच्या घरी तो हललेला नसतो ती जोडपी हळूहळू येईनाशी होतात. कोणी विचारले तर ‘रजा मिळाली नाही’ असे उत्तर मिळते. खरे कारण सर्वांना ठाऊक असते, परंतु त्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आज मी बोलणार आहे तो या न आलेल्या मंडळींसाठी, आणि ज्यांच्यामुळे ती येत नाहीत त्या आपणा सर्वांसाठी.

हा विषय मी सुचविला तेव्हा कार्यकारी मंडळात थोडी कुजबुज झाली. स्त्रिया आणि वडीलधारी माणसे एकत्र बसलेली असताना असे बोलावे काय, अशी शंका काहींनी काढली. त्यांना मी एवढेच सांगितले की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव प्रा. रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली, कोर्टाची पायरी चढावी लागली. मूल केव्हा व्हावे हा विचार लाजेचा नसून आरोग्याचा आहे, हे त्यांनी मराठी माणसाला शिकविले. मूल नको असताना काय करावे हे बोलण्यास जर आपण शिकलो, तर मूल हवे असताना काय करावे हे बोलण्यास का संकोचावे?

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकविणारा एक निवृत्त शिक्षक आहे. तथापि या बाबतीत मी जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले, आणि स्वतःच्या घरात जे सोसले, ते सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी नम्रपणे समजतो. घरातली गोष्ट प्रथम सांगतो, म्हणजे पुढील बोलण्यास पुस्तकी उपदेशाचे स्वरूप येणार नाही.

आमचा विवाह १९८३ साली झाला. तीन वर्षे गेली, चार गेली, पाच गेली. माझ्या पत्नीने सोळा सोमवार केले, चतुर्थ्या धरल्या, श्रावणात अंबरनाथच्या शिवमंदिराला अनवाणी जाऊन आली. नात्यातल्या डोहाळजेवणांची निमंत्रणे तिला येईनाशी झाली. आली तरी ओटी भरण्याची वेळ झाली की कोणीतरी तिला पाण्याचे निमित्त काढून स्वयंपाकघरात पाठवी. या पाच वर्षांत तिला तीन ठिकाणी दाखविले. मला एकाही ठिकाणी दाखविले नाही. कोणी ‘तू तपासून घे’ म्हटले नाही, आणि मीही आपण होऊन म्हटले नाही. वर्गात मी मुलांना न्याय-अन्याय शिकवीत होतो. घरी मात्र दोघे परीक्षेस बसले असता एकाचीच उत्तरपत्रिका तपासून निकाल लावला जात होता, आणि मी गप्प होतो. या गोष्टीचा शेवट मी शेवटी सांगेन.

आता मूळ विषयाकडे वळतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेची तुलना अंकुर फुटण्याशी केली आहे. त्यास चार गोष्टी लागतात असे तेथे म्हटले आहे : ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज. म्हणजे योग्य वेळ, चांगली जमीन, पाणी अर्थात पोषण, आणि कसदार बियाणे. आपण भाताची शेती करणाऱ्यांची मुले-नातवंडे आहोत. ही तुलना आपणांस समजावून सांगावी लागत नाही. प्राचीन ग्रंथातील सर्वच तपशील आजच्या शास्त्रास मान्य आहेत असे नाही, पण ही चार नावे मी फळ्यावरच्या चार मुद्द्यांप्रमाणे घेतो आणि प्रत्येकाखाली आजचे ज्ञान काय सांगते ते मांडतो.

पहिला मुद्दा ऋतु, म्हणजे वेळ. महिन्यातील प्रत्येक दिवशी गर्भ राहू शकत नाही. स्त्रीबीज महिन्यातून सामान्यतः एकदाच बीजकोशातून बाहेर पडते आणि जेमतेम १२ ते २४ तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. जपानमधील डॉ. ओगिनो यांनी १९२४ साली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातील डॉ. क्नाउस यांनी स्वतंत्रपणे, असे दाखविले की स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीपासून नव्हे, तर पुढच्या पाळीपासून उलट मोजावा. तो साधारण १४ दिवस आधी असतो. पुढे जगाने हे गणित मूल टाळण्यासाठी वापरले, परंतु ते मूल होण्यासाठीही तितकेच उपयोगी आहे. १९९५ साली अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गर्भधारणा केवळ सहा दिवसांतच झाल्याचे आढळले : स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस.

याचा हिशेब सोपा आहे. पाळी सुरू झाल्याचा दिवस पहिला धरावा. २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीज १४व्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडेल. तिने ९ ते १४ हे दिवस महत्त्वाचे मानावेत. ३२ दिवसांनी येत असेल तर १८व्या दिवसाच्या सुमारास. तिचे दिवस १३ ते १८. प्रत्येक महिना सारखा नसतो, म्हणून तीन-चार महिने तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करून ठेवाव्यात. शरीरही खूण देते. त्या दिवसांत योनिमार्गातील स्राव पातळ, पारदर्शक आणि अंड्यातील कच्च्या पांढऱ्या बलकासारखा तार निघणारा होतो. ज्यांना तारखांचे ओझे वाटते त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की त्या आठवड्यात एक दिवसाआड पतिपत्नीचा संबंध आला तरी पुरे आहे. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल, अथवा महिनोन्महिने येत नसेल, तर मात्र हिशेब करीत न बसता डॉक्टरांकडे जावे.

येथे घरातील वडीलधाऱ्यांना मला एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. आपली घरे लहान. एका खोलीत सासू-सासरे, दीर, नणंद आणि नवे जोडपे. मुलगा एक आठवडा दिवसपाळीला, दुसरा आठवडा रात्रपाळीला. सून पहाटेच्या लोकलने कामाला जाणारी. कोणत्या वाराला काय वर्ज्य याचे नियम वेगळे. माझ्या ओळखीच्या एका घरात हिशेब केला तेव्हा असे दिसले की महिन्यातले ते सहा दिवस बहुधा रात्रपाळीत किंवा सुनेच्या माहेरपणातच जात होते. अशा वेळी दोष देहाचा नसतो, घडीपत्रकाचा असतो. नातवंड हवे असेल तर मुला-सुनेला एकांत द्या. आठ दिवस गावी जाऊन या, देवदर्शनाला जा, आणि दार लोटून घ्या. यापेक्षा नैसर्गिक उपाय मला माहीत नाही.

दुसरा मुद्दा क्षेत्र, म्हणजे स्त्रीची प्रकृती. स्त्रीचे वजन फार कमी असले तरी बीज तयार होण्यात अडथळा येतो, आणि फार वाढले तरी येतो. अलीकडे तरुण मुलींत पीसीओएस या नावाचा विकार वारंवार आढळतो. पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव येते, वजन वाढते. अशा वेळी वजन शेकडा पाच ते दहाने उतरले तरी अनेकींची पाळी पुन्हा सुरळीत होते. ६० किलो वजनाच्या मुलीने तीन ते सहा किलो कमी करणे ही अशक्य गोष्ट नव्हे. रोज अर्धा तास भरभर चालणे, गोड चहा व बेकरीचे पदार्थ कमी करणे आणि वेळेवर झोपणे एवढ्याने आरंभ करता येतो. उलट, उपवासाने वजन घटवू नये.

थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. हा दोष साध्या गोळीने आटोक्यात येतो. मधुमेह असेल तर दिवस राहण्यापूर्वी साखर ताब्यात आणावी. रुबेला या गोवरासारख्या आजाराची लस घेतली नसेल तर ती आधी घ्यावी आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. आणखी एक गोष्ट आपल्या देशात विसरून चालणार नाही, ती म्हणजे क्षय. क्षय केवळ फुप्फुसाचा असतो असा समज आहे. तो गर्भाशयाला आणि गर्भनलिकांनाही होतो. खोकला नसतो, ताप नसतो, फक्त मूल होत नाही. आपल्या देशात नलिका बंद होण्याच्या कारणांत तो महत्त्वाचा आहे. घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असेल तर डॉक्टरांना ते न लपविता सांगावे. सरकारी दवाखान्यात त्याचा उपचार विनामूल्य होतो.

आणि वय. मुली शिकत आहेत, नोकरी करीत आहेत, लग्ने तिशीकडे होत आहेत. याचा मला शिक्षक म्हणून आनंदच आहे. परंतु निसर्ग आपले घड्याळ बदलत नाही. स्त्रीची बीजे जन्मापूर्वीच तयार झालेली असतात, नवी होत नाहीत, आणि ३५ वर्षांनंतर ही शक्ती झपाट्याने कमी होते. हे भीती घालण्यासाठी नव्हे, तर हिशेबात धरण्यासाठी सांगतो.

तिसरा मुद्दा अंबु, म्हणजे पोषण. या बाबतीत आपल्या मुंबईने जगाला एक देणगी दिली आहे, पण ती आपणांस क्वचितच ठाऊक असते. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी जो घातक पंडुरोग होत असे, त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत केले. या बायांच्या आहारात काहीतरी उणे आहे असा त्यांनी तर्क बांधला, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात असे १९३१ साली प्रसिद्ध केले. ते उणे असलेले द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानावरूनच त्याचे नाव फॉलिक आम्ल असे पडले. १९९१ साली इंग्लंडमधील मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले की दिवस राहण्यापूर्वीपासून हे द्रव्य घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूचे व्यंग बहुतांशी टळते. ज्या गिरणी-कामगार बायांच्या रक्तावरून हे ज्ञान मिळाले, त्या आपल्यासारख्याच घरांतल्या होत्या.

म्हणून, मूल हवे असे ठरविताच स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी, निदान एक महिना आधी तरी. दिवस राहिल्यावर घेऊ, असे म्हणू नये; कारण बाळाचा मज्जारज्जू गर्भधारणेपासून चार आठवड्यांत बंद होतो, आणि तोपर्यंत पुष्कळदा पाळी चुकल्याचेही पक्के कळलेले नसते. ही गोळी स्वस्त आहे. मधुमेह, फेफऱ्याची औषधे अथवा पूर्वीच्या बाळास असे व्यंग असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

आता ताटाविषयी. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे, असे सरकारी पाहणीत दिसून आले आहे. आपल्या भागात ताट भाताने भरते आणि घरातील बाई सर्वांचे झाल्यावर उरलेल्या आमटीवर जेवते. तिच्या ताटात रोज एक पालेभाजी हवी. मेथी, चवळई, अंबाडी, माठ, जे मिळेल ते. मोड आलेली मटकी, हरभरा किंवा चवळी हवी. नाचणीची भाकरी, तीळ, शेंगदाणे, गूळ हवा. जे खातात त्यांना अंडी आणि सुकट-बोंबील स्वस्त आणि उत्तम. जेवणावर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्याने ते लागत नाही. मीठ आयोडिनयुक्त असावे. आणि मूल व्हावे म्हणून आठवड्यातून दोन-तीन कडक उपास करणे हे पीक यावे म्हणून शेताचे पाणी तोडण्यासारखे आहे. देवाला भक्ती हवी असते. तो अशक्तपणा मागत नाही.

शतावरी, अश्वगंधा यांविषयी पुष्कळ विचारणा होते. त्यांची परंपरा जुनी आहे, परंतु त्यांनी मूल होतेच असा भक्कम पुरावा अजून पुढे आलेला नाही. घ्यावयाच्या असतील तर नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने घ्याव्यात, आणि डॉक्टरांना तसे सांगावे. पुडीत बांधून मिळणारी, नाव नसलेली भस्मे मात्र घेऊ नयेत. अशा काही औषधांत शिसे व पारा आढळलेला आहे.

चौथा मुद्दा बीज, म्हणजे पुरुष. हा मुद्दा शेवटी आला असला तरी महत्त्वाने शेवटचा नाही. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण, एकट्याने किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने, असतेच. पुरुष धडधाकट आहे, वैवाहिक संबंध ठीक आहे, म्हणून त्याचे बीज चांगलेच असेल असे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

बीजाचे नुकसान करणाऱ्या गोष्टींपैकी पहिली तंबाखू. तंबाखूचा बार, विडी, सिगारेट, गुटखा, सर्व एकच. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कोणाच्या खिशात आहे हे मी येथून पाहू शकतो. स्त्रियांनीही ऐकावे : दातांना लावायची मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती मूल होण्यासही घातक आणि पोटातील बाळासही घातक. दुसरी मद्य. तिसरी व्यायामशाळेत दंड फुगविण्यासाठी घेतलेली इंजेक्शने. पौरुष वाढविणारे म्हणून जे टोचले जाते, त्यानेच शरीर स्वतःचे बीज तयार करणे थांबविते. ही गोष्ट तरुण मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

चौथी उष्णता आणि पाचवी रसायने, आणि या दोहोंचा संबंध आपल्या मोरिवलीशी आहे. येथील औद्योगिक वसाहतीत आपली किती मुले भट्टीसमोर उभी राहतात, किती रंग, द्रावणे आणि रसायने हाताळतात! पुरुषाचे बीजकोश निसर्गाने शरीराबाहेर ठेवले आहेत, कारण त्यांस शरीराहून थोडा थंडावा लागतो. सतत भट्टीची धग, तासन्‌तास वाहनाचे आसन, मांडीवर ठेवलेला लॅपटॉप, अतिशय घट्ट कपडे, यांनी त्या कामात व्यत्यय येऊ शकतो. रसायनांचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कीटकनाशक तयार करणाऱ्या एका कारखान्यातील कामगार आपापसांत बोलू लागले की आपल्यापैकी कित्येकांना मुले होत नाहीत. तपासणी झाली तेव्हा डीबीसीपी या रसायनाने त्यांचे बीज नष्ट किंवा अत्यल्प झाल्याचे आढळले. ते कामगार लाज बाळगून गप्प बसले असते तर ते कधीच उघडकीस आले नसते. आपल्या मुलांनी हातमोजे व मुखपट्टी वापरावी, कामाचे कपडे बदलून व अंग धुऊन घरी यावे, आणि डॉक्टरकडे गेल्यावर आपण कारखान्यात काय हाताळतो ते सांगावे.

या सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही की पुरुषाचे बीज सतत नव्याने तयार होत असते. त्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली तर फळ उद्या दिसणार नाही. तीन महिने धीर धरावा लागेल. भाताला लागतात तितकेच दिवस.

हे झाले चार मुद्दे. शिक्षकाच्या सवयीने मी एक पाचवा जोडतो : मुदत. निरोगी जोडप्यांपैकी शेकडा ऐंशीहून अधिकांना एका वर्षात दिवस राहतात. म्हणून सहा महिने झाले, आठ झाले, तर घाबरू नये. पण एक वर्ष झाले, आणि पत्नीचे वय ३५हून अधिक असेल तर सहा महिने झाले, की दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावे. दोघांनी, हा शब्द मी पुन्हा उच्चारतो. आणि पहिली तपासणी पुरुषाची व्हावी. कारण वीर्यतपासणी स्वस्त आहे, तीत वेदना नाही, चिरफाड नाही. स्त्रीच्या तपासण्या त्यामानाने त्रासाच्या असतात. नैसर्गिक उपाय हे वर्षभर करावयाचे आहेत. दहा वर्षे दडून बसण्यासाठी ते निमित्त होऊ नयेत. बंद झालेली नलिका पालेभाजीने उघडत नाही.

मुदत संपली तरी आशा संपत नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने परीक्षानळीच्या तंत्राने एक मुलगी जन्मास आली. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले ते भारतातील पहिले असे मूल. आज ही केंद्रे गावोगाव आहेत. २०२१ च्या कायद्याने त्यांची नोंदणी सक्तीची केली आहे. जाण्यापूर्वी नोंदणी पाहावी आणि खर्च लेखी मागून घ्यावा.

जेथे दुःख असते तेथे लुबाडणारेही असतात. बुवा, बाबा, अंगारे-धुपारे यांच्यामागे जाऊन कित्येकांनी दागिने गमावले, आणि कित्येक भगिनींनी त्याहून अधिक. अलौकिक शक्तीने मूल देतो असे सांगून स्त्रीचा गैरफायदा घेणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ‘मुलगाच होईल’ असे औषध देणाराही असाच समजावा. मूल मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते आणि गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. त्यानंतर कोणतीही पुडी ते बदलू शकत नाही, बाळास अपाय मात्र करू शकते. गर्भलिंग-तपासणीवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केला, याचा आपणांस अभिमान असावा आणि स्मरणही असावे.

आता माझी गोष्ट पुरी करतो. १९८६ साली के. ई. एम. ची ती बातमी वर्तमानपत्रात आली. माझ्या पत्नीने ते कात्रण कापून देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवले. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. दोन वर्षांनी, १९८८ साली, एका सरकारी रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी तिचे कागद चाळले, ते खाली ठेवले आणि विचारले, “यजमान कोठे आहेत?” मी बाहेर बाकावर बसलो होतो. त्या दिवशी प्रथम माझी तपासणी झाली. बीजांची संख्या कमी होती, गती मंद होती. मी त्या काळी दिवसातून आठ-दहा वेळा तंबाखू मळीत असे. आणि माझ्या पत्नीचे रक्त, पाच वर्षांच्या उपासांनी, फारच उतरले होते. तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या आणि उपास सोडण्यास सांगण्यात आले. माझी तंबाखू सुटली. तारखांचा हिशेब आम्हां दोघांना समजावून देण्यात आला. १९९० साली आम्हांला मुलगी झाली.

तंबाखू सोडल्यामुळेच ती झाली असे मी म्हणणार नाही. एका घराच्या अनुभवावरून नियम काढू नये हे मी मुलांना शिकविले आहे. मला सांगावयाचे ते वेगळे आहे. घरी येताना मी आईला अहवाल दाखविला. तिने तो वाचण्याचा प्रश्न नव्हता, मीच वाचून दाखविला. ती बराच वेळ बोलली नाही. मग उठून तिने सुनेला आपल्या ताटाशेजारी जेवायला बसविले. पाच वर्षांत प्रथमच आमच्या घरी त्या दोघी एका पंक्तीला बसल्या. मूल त्यानंतर दीड वर्षाने झाले. घर मात्र त्याच दिवशी बरे झाले. ती पाच वर्षे मी आधी बोललो असतो तर एक झाली असती. माझ्या पत्नीच्या नावे जमा झालेल्या त्या बोलण्यांपैकी निम्मी माझ्या खात्यावर पडावयास हवी होती, हे मी आज आपणां सर्वांसमक्ष मान्य करतो. ती समोरच बसली आहे.

आणि ज्यांना इतके सर्व करूनही मूल होणार नाही, अशीही जोडपी आपल्यात राहतील. त्यांनी काही चुकविले असे नाही. हिंदूंसाठी दत्तकाचा कायदा १९५६ पासून आहे, आणि शासनमान्य दत्तक-संस्थांमार्फत मूल घेण्याचा रीतसर मार्गही आहे. कोणास तेही नको असेल तर पतिपत्नी दोघे मिळूनही घर पूर्ण होते.

शेवटी मंडळास माझी एक विनंती आहे. पुढील वर्षीपासून आपल्या हळदीकुंकवाच्या समारंभात ओटी भरताना कोणाच्या कडेवर मूल आहे हे पाहू नये; जी आली तिची ओटी भरावी. आणि ज्या घरून कोणी बरीच वर्षे संमेलनास आले नाही, त्या घरी निमंत्रणपत्रिका टपालाने न पाठविता मंडळातील दोघांनी स्वतः जाऊन द्यावी. तेथे मुलाबाळांची चौकशी करू नये. चहा घ्यावा आणि ‘या बरे का’ म्हणून यावे.